गाण्यात पुढे कोण आहे? कॉलेजच्या म्युझिक व्हिडिओची आखणी, गाण्याच्या प्रकारानुसार

मास मीडियाच्या वर्गात म्युझिक व्हिडिओचं असाइनमेंट मिळालं की ग्रुपमध्ये तीन गोष्टी लगेच ठरतात: ड्रोन कुणाकडे आहे, कोणत्या गडावर जायचं आणि स्लो मोशन कुठे टाकायचं. गाणं कोणतं, हे बऱ्याचदा त्यानंतर ठरतं. मग रॅप असो, अभंग असो की लावणी, सगळ्यांचे व्हिडिओ सारखेच दिसतात. गडाच्या तटावर हात पसरून उभा असलेला मुलगा, मागे मावळता सूर्य, वरून फिरणारा कॅमेरा. आवाज बंद करून पाहिलं तर गाणं कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखता येत नाही.

खाली दिलेला क्रम उलटा आहे. आधी कान, मग कागद, मग जागा आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. पहिल्यांदाच व्हिडिओ करणाऱ्या, हातात एखादा बरा फोन किंवा कॉलेजचा कॅमेरा आणि खिशात बेताचे पैसे असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

पायरी पहिली: गाणं आणि त्याचे हक्क

सगळ्यात सोयीचं गाणं म्हणजे तुमच्याच मित्रमैत्रिणींनी केलेलं. गीतकार, संगीतकार आणि गायक तिघांकडून एका पानावर लेखी परवानगी घ्या, त्यात व्हिडिओ कुठे-कुठे दाखवणार तेही लिहा. मैत्रीत कागद कशाला, असं वाटतं; पण व्हिडिओ चालला की पहिला वाद याच कागदावाचून होतो.

दुसऱ्याचं गाणं घ्यायचं असेल तर थोडा कायदा माहीत हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क ज्याच्या-त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे तुकोबांचे शब्द कुणीही गावेत, पण एखाद्या संगीतकाराने त्यांना दिलेली चाल त्याची असते आणि कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं. वर्गातल्या शैक्षणिक वापराला कायदा थोडी मोकळीक देतो. तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की ती मोकळीक संपते. तिथली यंत्रणा गाणं आपोआप ओळखते आणि व्हिडिओ अडवते किंवा त्याचं उत्पन्न हक्कदाराकडे वळवते. अभंग किंवा पारंपरिक गीत करायचं असेल तर कॉलेजातलेच पेटी-पखवाजवाले गाठून पारंपरिक चालीवर नव्याने रेकॉर्ड करणं उत्तम.

शूटच्या आधी गाण्याचं अंतिम मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवलेलं पक्कं रेकॉर्डिंग, हातात असलंच पाहिजे. ‘रफ मिक्सवर शूट करू, फायनल नंतर येईल’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. नंतर संगीतकाराने लय जराशी वाढवली किंवा मधला तुकडा कापला, की लिप-सिंक केलेलं, म्हणजे गाण्याशी ओठ जुळवून केलेलं, सगळं शूट वाया जातं. जमलं तर ताल आणि आवाज यांचे वेगवेगळे ट्रॅकही मागून घ्या. एडिट करताना नुसती ढोलकी ऐकता आली तर कट कुठे मारायचा ते चटकन कळतं.

पायरी दुसरी: ऐकणं आणि तक्ता

हेडफोन लावा, वही घ्या आणि गाण्याचा तक्ता करा. पाच रकाने पुरे: वेळ, भाग (मुखडा, अंतरा, मधलं संगीत), त्या भागात ठळक ऐकू येणारं वाद्य किंवा आवाज, शब्द, आणि जोर एक ते पाच. जोराचा रकाना टाळू नका. गाणं कुठे चढतं आणि कुठे श्वास घेतं ते त्यातूनच दिसतं. पहिल्याच मुखड्याला पाच आणि शेवटच्यालाही पाच दिले असतील तर पुन्हा ऐका.

मग लयीचं गणित. मिनिटाला ठोके किती, हे टॅप करून सांगणारी ॲप्स फुकट मिळतात. साठला त्या आकड्याने भागलं की एका ठोक्याचे सेकंद मिळतात. मिनिटाला ९० ठोक्यांच्या रॅपमध्ये एक ठोका ०.६७ सेकंदाचा, चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा आणि सोळा बारचं कडवं साधारण ४३ सेकंदांचं. म्हणजे दर बारला एक कट मारायचा ठरवलं तर त्या एका कडव्यालाच सोळा शॉट लागतील. शॉटची यादी करताना हा आकडा समोर असला की ‘तिथे बघू काहीतरी’ हा प्रकार बंद होतो. ७० ठोक्यांच्या भावगीतात तोच बार जवळपास साडेतीन सेकंदांचा होतो आणि दोन बारभर एकच शॉट सहज टिकतो.

लोकसंगीतात मात्र हे गणित हुलकावणी देतं. लावणी आणि पोवाडा बहुधा चढत्या लयीचे. सुरुवातीला मोजलेला आकडा शेवटी लागू पडत नाही. अशा वेळी एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये गाणं टाका आणि ऐकता-ऐकता प्रत्येक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मार्कर (खूण) ठोकत जा. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही हे होतं.

पायरी तिसरी: पुढे कोण आहे ते ठरवा

गाण्याचा प्रकार म्हटलं की मुलं पोशाखाकडे धावतात. नऊवारी म्हणजे लावणी, हुडी म्हणजे रॅप, टोपी-टाळ म्हणजे अभंग. पोशाख सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी एकच प्रश्न विचारा: या गाण्यात पुढे कोण आहे? रॅपमध्ये शब्द पुढे असतात. लावणीत अदा, आणि तिच्याशी सवाल-जवाब करणारी ढोलकी. अभंगात समूह. भावगीतात दोन ओळींमधली शांतता. बँडच्या गाण्यात वाजवणं. जो पुढे असतो त्याच्या मागे कॅमेऱ्याने जायचं. फ्रेम किती मोठी, शॉट किती लांब, गायकाने कॅमेऱ्यात पाहायचं की नाही, हे सगळं त्यावरून ठरतं.

हे ठरल्यावर त्याच प्रकारातले चार-पाच व्हिडिओ आवाज बंद करून पाहा. प्रत्येकात काय-काय पुन्हा पुन्हा येतं ते लिहा: जागा, कॅमेऱ्याची उंची, माणसांची संख्या, कटचा वेग. ही त्या प्रकाराची रीत. रीत पाळायची, पण तिच्यातली एकच गोष्ट जाणूनबुजून मोडायची. तीन मोडल्या तर प्रेक्षकाला वाटतं तुम्हाला प्रकारच कळलेला नाही; एकही मोडली नाही तर व्हिडिओ लक्षात राहत नाही.

लावणी

इथे जास्त वेळ घालवतो, कारण विद्यार्थ्यांच्या हातून सगळ्यात जास्त मार खाणारा प्रकार हाच.

आधी फडाची लावणी की बैठकीची, हे ठरवा. फडाच्या लावणीत नाचणारी उभी, ढोलकी-हलगी-तुणतुणं मागे, समोर मोठा प्रेक्षक. बैठकीच्या लावणीत गाणारी बसलेली असते आणि सगळा अभिनय डोळे, भुवया, मान आणि हातांचा. यमुनाबाई वाईकर याच बैठकीच्या अदाकारीसाठी नावाजल्या गेल्या. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोन प्रकारांना कॅमेरे वेगळे लागतात. फडाला पूर्ण आकृती हवी, पायाखाली थोडी जमीन दिसेल अशी. घुंगरू आणि पाय फ्रेमबाहेर गेले की अर्धी लावणी गेली. बैठकीला चेहरा आणि दोन्ही हात एकत्र मावतील अशी फ्रेम घ्या. मनगटाशी कापलेली फ्रेम दोन्हीकडे वाईटच.

कॅमेरा नाचणारीच्या कमरेच्या उंचीवर, समोर, थोडा लांब ठेवा. फोनची रुंद लेन्स लावून जवळ गेलात तर अंगाचं प्रमाण बिघडतं. आणि खालून वर जाणारा, कमरेवर रेंगाळणारा शॉट टाकूच नका. सभ्यतेचा मुद्दा आहेच, पण तो शॉट लावणीच्या व्याकरणातही बसत नाही. लावणीत नाचणारी प्रेक्षकाच्या नजरेला नजर देते. आपल्याकडे पाहिलं जातंय हे तिला ठाऊक असतं आणि तो खेळ तीच चालवते. चोरून पाहणारा कॅमेरा तिच्या हातातून तो खेळ काढून घेतो. म्हणून इथे थेट कॅमेऱ्यात पाहणं चालतं, नव्हे ते हवंच. शृंगाराची ओळ असेल तिथे शॉट लांब ठेवा आणि नजर काम करू द्या.

कट ढोलकीवर मारा, पण प्रत्येक थापेवर नको. ढोलकीचा तोडा संपतो, सम येते, तिथे कट. शेवटच्या चढत्या भागात शॉट लहान करत न्या आणि अगदी शेवटी एकच पूर्ण आकृतीचा लांब शॉट ठेवा. लय वाढली की कटही वाढवायचे, हा मोह सगळ्यांना होतो; पण त्या वेगात पाय कसे पडतात हेच तर पाहायचं असतं.

ढोलकी खऱ्या ढोलकीवाल्याच्या हातात द्या. मित्राच्या गळ्यात अडकवलेली ढोलकी जाणकाराला पहिल्या शॉटला कळते. ढोलकी आणि ढोलक यांतला फरकही नीट पाहा. ट्रॅकवर एक आणि पडद्यावर दुसरं, हे फार दिसतं. जमलं तर आधी लावणीची एखादी बारी, म्हणजे कार्यक्रम, प्रत्यक्ष पाहा. पुण्यात आर्यभूषण थिएटर आहे, पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला कलाकेंद्रं आहेत, आणि तमाशा फडांचं गाव म्हणून नारायणगाव. कलावंतांना न विचारता फोन काढू नका. पाहायला जायचं ते पाहायलाच.

नऊवारी नेसवायला, अंबाडा घालायला आणि मेकअपला तासभर सहज जातो. कॉल टाइम ठरवताना तो तास धरा, म्हणजे सकाळचं ऊन वाया जात नाही. पूर्ण नाचाचे टेक आधी घ्या, ताकद शाबूत असताना. डोळ्यांचे आणि हातांचे क्लोजअप नंतर.

मराठी रॅप

रॅपमध्ये शब्द पुढे, म्हणून तोंड दिसलं पाहिजे. निम्मा व्हिडिओ पाठमोऱ्या चालण्यात घालवणारे रॅपर बरेच दिसतात; त्यांचे शब्द मग कुणाच्या लक्षात राहत नाहीत. संपूर्ण गाण्याचं लिप-सिंक किमान तीन वेगवेगळ्या जागी करून घ्या, प्रत्येक जागी पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाणं पाठ नसलेला रॅपर दुसऱ्या ओळीतच पकडला जातो, कारण मराठीतली जोडाक्षरं ओठांवर स्पष्ट दिसतात.

ट्रॅकवर मुख्य आवाजाशिवाय मागून येणारे ‘हा!’, ‘बोल!’ असे उद्गार असतात. ते मुख्य रॅपरच्या तोंडी देऊ नका, मागे उभ्या असलेल्या पोरांना वाटून द्या. त्यामुळे मागची गर्दी नुसती उभी राहत नाही, गाण्यात सामील होते. यमक बहुतेक वेळा बारच्या शेवटी पडतं, तेव्हा कट यमकानंतर मारा. यमकाच्या आधीच चित्र बदललं तर पंच हवेत जातो.

कॅमेरा हातात, छातीच्या खाली, रुंद लेन्स, जवळ. इथे ती लेन्स शोभते, कारण रॅपर पुढे झुकला की त्याचा हात आणि चेहरा अंगावर येतो. मात्र ट्रॅप या रॅपच्या उपप्रकारातलं गाणं असेल तर आधी नीट ऐका. आकडा १४० दाखवत असला तरी डोकं हलतं ते ७० च्या लयीत, आणि कटही ७० च्या हिशेबाने ठेवले तर गाणं भारदस्त वाटतं.

जागा स्वतःची निवडा. भाड्याची काळी गाडी आणि उसनी साखळी प्रेक्षक लगेच ओळखतात. अंबरनाथच्या पोराने अंबरनाथचं स्टेशन बाहेरून दाखवावं, नाशिक रोडच्या पोरीने आपली चाळ. शब्दांत चौकाचं नाव येत असेल तर त्याच ओळीला चौकाची पाटी दाखवू नका, ऐकलेलंच पुन्हा दाखवल्यासारखं होतं; दुसऱ्या कडव्यात मागे सहज दिसू द्या. खेळण्यातलं पिस्तूलही रस्त्यावर काढायचं नाही. लांबून ते खेळण्यातलं दिसत नाही आणि पोलीस चौकीत जाऊन समजावत बसावं लागतं.

अभंग आणि भजन

एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी उचलायची: भजनाची रचनाच अशी असते, आणि कॅमेऱ्याला तयार आराखडा मिळतो. एकट्याचा शॉट, मग समूहाचा. जसजसा गजर चढेल तसतशी फ्रेममधली माणसं वाढू द्या. पावल्या घेणाऱ्या टाळकऱ्यांच्या रांगा समोरून गुडघ्याच्या उंचीवरून आणि शेजारच्या गच्चीवरून छान दिसतात. त्यासाठी ड्रोन लागत नाही.

टाळ ही अवघड गोष्ट. दोन टाळ एकमेकांवर आपटताना डोळ्याला दिसतात, त्यामुळे चित्र दोन फ्रेमनेही मागे-पुढे असलं तरी खटकतं. वाजवणाऱ्यांना प्लेबॅक (शूटच्या वेळी स्पीकरवर लावलेलं गाणं) नीट ऐकू जाईल याची काळजी घ्या. वीणा प्रॉपसारखी वापरू नका. सप्ताहात ती खाली ठेवत नाहीत, नमस्कार करून एका हातातून दुसऱ्या हातात देतात. तुमच्या व्हिडिओत ती भिंतीला टेकवलेली दिसली तर गावाकडचा प्रेक्षक तिथेच सोडून देतो.

आषाढी वारीत जाऊन शूट करण्याची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. वारी शूट करा, पण तिला सेट समजू नका. दिंडी थांबवायची नाही, ‘काका, परत एकदा फुगडी घाला’ म्हणायचं नाही, आणि गायकाला मधोमध उभं करून लिप-सिंक करायचं नाही. त्यापेक्षा गावातल्या किंवा पेठेतल्या भजनी मंडळाला विचारा. ते स्वतःच्या मंदिरात, स्वतःच्या वेळेत मनापासून गातात आणि तुमचा प्रकाशही तुमच्या हातात राहतो.

भावगीत, कोळीगीत आणि बँड

भावगीतात सगळ्यात कठीण काम काहीच न करण्याचं. ओळीत चांदणं आलं की चंद्र, पाऊस आला की खिडकीवरचे थेंब, आठवण आली की जुना फोटो: हे तिन्ही शॉट यादीतून आधी खोडा. सहा-आठ सेकंदांचे स्थिर शॉट घ्या. गायकाने कॅमेऱ्यात पाहू नये, लिप-सिंक नसलं तरी चालेल. मधल्या संगीताच्या तुकड्यात गोष्ट पुढे सरकू द्या, शब्दांच्या वेळी थांबू द्या.

कोळीगीत झुलत्या चालीचं, उघड्या उन्हाचं आणि घोळक्याचं. इथे कॅलेंडर बघा: महाराष्ट्रात साधारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, आणि कॉलेजचा प्रोजेक्ट नेमका जूनमध्ये सुरू होतो. समुद्रात जाणारी होडी हवी असेल तर नारळी पौर्णिमेनंतरची तारीख धरा. गॅदरिंगच्या दुकानातला भडक ‘कोळी ड्रेस’ आणण्याऐवजी कोळीवाड्यातल्या एखाद्या आजीला लुगडं कसं नेसतात ते विचारा. त्या नेसवूनही देतील, फक्त मासळी बाजाराच्या वेळेत जाऊ नका.

बँडच्या गाण्यात वाजवणं खरं हवं. गिटारवरचे हात कॉर्डशी जुळले पाहिजेत, ड्रमरने ट्रॅकवरचे रोल पाठ केलेले असावेत. एक खोली, मागे दोन-तीन पिवळे बल्ब, थोडा अंधार. एवढ्यावर उत्तम काम होतं.

संबळ आणि रॅप किंवा पोवाडा आणि रॉक असं मिश्रण असेल तर तक्त्यात प्रत्येक भागासमोर ‘पुढे कोण’ ते लिहा. संबळ पुढे असताना संबळवाल्याच्या काठ्या दाखवा, रॅप आला की तोंड. मिश्रणातले व्हिडिओ फसतात ते दोघेही सतत एकाच फ्रेममध्ये कोंबल्यामुळे.

पायरी चौथी: शब्द आणि चित्र यांचं नातं

अँड्र्यू गुडविन या माध्यम-अभ्यासकाने १९९२ मध्ये म्युझिक व्हिडिओवर लिहिताना या नात्याचे तीन प्रकार मांडले होते: चित्र शब्दांचंच दर्शन घडवतं, शब्दांत भर घालतं किंवा त्यांच्या उलट जातं. आपला तक्ता घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर या तिघांपैकी एक लिहा. सगळीकडे पहिलाच प्रकार आला तर व्हिडिओ पाठ्यपुस्तकातल्या चित्रांसारखा होणार. लावणीत आणि कोळीगीतात दर्शन थोडं जास्त चालतं, भावगीताला भर घालणारी चित्रं लागतात, आणि उलट जाणं रॅपला शोभतं: शब्दांत बढाई, चित्रात रिकामं ताट.

पायरी पाचवी: जागा आणि परवानग्या

रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, त्याच वेळी जा ज्या वेळी शूट करणार आहात. सकाळी निवांत असलेली गल्ली संध्याकाळी शाळेच्या रिक्षांनी भरलेली असते. ऊन कुठून येतं, प्लग पॉइंट कुठे, स्वच्छतागृह कुठे, आवाजाची तक्रार कोण करेल, हे चार प्रश्न लिहून न्या.

गड-किल्ल्यांसाठी तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे की राज्याच्या, ते आधी पाहा. दोन्हीकडे शूटिंगला परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले ११ महाराष्ट्रातले. तिथे ट्रायपॉड उघडून ‘कॉलेजचं आहे’ म्हणणं पुरत नाही. रेल्वे स्टेशनच्या आत रेल्वेची परवानगी लागते. बाकी सरकारी जागांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतून चालणाऱ्या राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा हे काम बघते. अर्जासोबत प्राचार्यांचं पत्र लावा. खरं सांगायचं तर पहिल्या व्हिडिओला कॉलेजची गच्ची, कुणाचा तरी वाडा, मामाचं शेत आणि ओळखीचं मंदिर एवढं पुरतं.

ड्रोनबद्दल एवढंच: २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण बंदी असलेल्या हद्दीत तोही उडवता येत नाही. मुंबई-पुण्यात विमानतळ आणि लष्करी हद्दी इतक्या आहेत की डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा पाहिल्यावर बहुतेकांचा उत्साह मावळतो. बरंच होतं.

पायरी सहावी: शूटचा दिवस

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली ३० फ्रेमवर शूट केलं की चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. फोनचं नेहमीचं ॲप फ्रेमचा वेग मधेच बदलतं आणि लांब टेकमध्ये ओठ हळूहळू घसरतात. वेग बांधून ठेवणारं ॲप वापरा, ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा.

गाण्याच्या आधी समान अंतराने तीन ‘टिक’ जोडलेली फाइल प्लेबॅकसाठी बनवा, म्हणजे सगळे एकदम सुरू करतात. कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा. त्यातल्या आवाजावरूनच एडिटमध्ये सिंक होतं. स्पीकर गायकाजवळ हवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे स्पीकर १४ मीटर लांब असेल तर गायकाला गाणं एक फ्रेम उशिरा ऐकू येतं, आणि मोठ्या मैदानात दोन-तीन फ्रेम सहज जातात.

ओठ जुळवूनही स्लो मोशन हवं असेल तर कॅमेरा ५० फ्रेमवर आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवा. गायकाने त्या वेगाने तोंड हलवायचं. २५ वर आणलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि केस, पदर, धूळ संथ होतात. आदल्या दिवशी सराव करून घ्या, नाहीतर सेटवर हसण्यातच अर्धा तास जातो.

वेळेचा अंदाज: चार मिनिटांचं गाणं, तीन वेगवेगळ्या चौकटी, प्रत्येकी तीन टेक म्हणजे नुसतं वाजवण्यातच ३६ मिनिटं. लाइट हलवणं, घाम पुसणं, फाइल तपासणं धरून त्याचे तीन तास होतात. एका दिवसात दोन जागा, फार तर तीन. दुपारी बारा ते तीन डोक्यावरच्या उन्हात चेहरे शूट करू नका, ते तास घरातल्या शॉटना द्या. प्रत्येक टेकचा नंबर आणि ‘बरा, वाईट, ठेवा’ असा शेरा एकाने वहीत लिहायचा. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून ते आधीच नेमून द्या.

पायरी सातवी: एडिट

सगळे पूर्ण टेक एकाखाली एक लावून सिंक करा आणि आधी फक्त परफॉर्मन्सचा सलग कट बनवा. तो तीन मिनिटं कंटाळा न येता पाहवला तरच गोष्टीचे आणि इतर शॉट त्यात टाका. कट अगदी ठोक्यावर मारला तर थोडा उशिरा वाटतो, म्हणून एक-दोन फ्रेम आधी मारून बघा. रंगांचं काम शेवटी. फोनमधला तयार निळसर-नारिंगी फिल्टर रॅपला एकवेळ चालून जातो, लावणीच्या लाल-हिरव्या काठांचा मात्र तो बट्ट्याबोळ करतो.

पहिला पूर्ण कट दोन जणांना दाखवा. एक, त्या प्रकारातलं काही माहीत नसलेला माणूस, आवाज बंद करून. हे कोणत्या प्रकारचं गाणं असेल ते त्याला विचारा. दुसरा, त्या प्रकारातला वाजवणारा किंवा गाणारा, आवाज चालू ठेवून. तो कुठे भुवई उंचावतो ते टिपून ठेवा आणि तेवढेच शॉट बदला.

अपलोड करताना आडव्या व्हिडिओसोबत उभ्या चौकटीचा ३० सेकंदांचा तुकडाही काढा; नाचाच्या पूर्ण आकृतीला उभी चौकट छान बसते, त्यासाठी शूटच्या वेळीच नाचणारीला मधोमध ठेवलेलं असावं. श्रेयनामावलीत गीतकार, संगीतकार, गायक यांच्याबरोबर ढोलकीवाला, टाळकरी, साडी नेसवणाऱ्या मावशी आणि जागा देणारे यांची नावं लिहा, आणि तीच यादी व्हिडिओखालच्या वर्णनातही टाका. नावांचं लेखन ज्याचं त्याला आधी पाठवून तपासून घ्या.